मेनवरचे बारा बोर्ड

परत आलेल्या टायमरचं पहिलं खोकं उघडलं तेव्हा विजयश्रीला त्यात वावगं काही वाटलं नाही. महिन्याला एक-दोन टायमर परत यायचेच. कुणी पाण्यात पाडायचं, कुणी वायरी चुकीच्या जोडायचं. पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम एकोणीस आले, आणि सगळ्यांचं दुखणं एकच निघालं. मोटार सुरू व्हायची वेळ झाली की आतला रिले, म्हणजे मोटार चालू-बंद करणारा स्विच, टकटक करत राहायचा. मोटार लागायची, सुटायची, पुन्हा लागायची. चिखलीतल्या एका सोसायटीची मोटार त्यात जळाली होती.

निघोज्यातल्या त्या शेडमध्ये पाण्याच्या मोटारीचे टायमर बनायचे. विजयश्री ओव्हाळ तिथं अकरा वर्षं टेस्टिंगच्या टेबलावर होती. बाहेरून आलेला माल तपासून आत घ्यायचा आणि तयार टायमर पास करून बाहेर सोडायचे, ही दोन्ही कामं तिची. राहायला ती कासारवाडीला. वडील पिंपरीच्या कंपनीत फिटर होते, त्यांनीच तिला आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्सला घातलं होतं. त्या बॅचमध्ये मुली दोनच होत्या. काम चोख ठेवायचं, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा राहत नाही, हे ती तेव्हाच शिकली होती.

तिनं एक टायमर उघडला, मीटर लावलं. रिलेला चोवीस व्होल्ट मिळायला हवे होते, तिथं रिले ओढायच्या क्षणी बाराच्या आसपास दिसत होते. म्हणजे दुखणं पॉवर सप्लायमध्येच होतं.

टायमरला वीज लागते ती अगदी थोडी. पूर्वी त्यासाठी आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असायचा. तो जड होता, गुणगुणायचा, आणि त्याच्यामुळे डबाही मोठा लागायचा. दीड वर्षापूर्वी समाधान बोराडे नावाचा जालन्याकडचा डिप्लोमा इंजिनिअर कामाला लागला आणि त्यानं ट्रान्सफॉर्मर काढूनच टाकला. त्याच्या जागी त्यानं एक पिवळा चौकोनी कॅपॅसिटर बसवला. घरातली दोनशे तीस व्होल्टची वीज सरळ आत घ्यायची आणि वाटेत हा कॅपॅसिटर आडवा घालायचा. तो जेमतेम तीसेक मिलीअँपिअर करंट पुढे सोडतो. पुढे चार डायोड, एक झेनर, झालं. डबा मुठीत मावेल एवढा झाला. तोटा एकच होता. ट्रान्सफॉर्मर नसल्यामुळे सगळा बोर्डच मेनला, म्हणजे थेट घरातल्या विजेला, जोडलेला राहायचा, चालू असताना कुठंही बोट लावायची सोय नव्हती. समाधाननं प्रत्येक टेबलावर तशी पाटी लावली होती.

विजयश्रीनं तो पिवळा कॅपॅसिटर काढून मोजला. अंगावर ०.४७ मायक्रोफॅरड छापलेलं होतं. मीटर ०.२१ दाखवत होतं, म्हणजे पुढे जाणारा करंट निम्म्याहून कमी.

शेडचे मालक अण्णासाहेब निघोज्यातलेच. एमआयडीसीत जमीन गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी ही शेड टाकली. शिक्षण बेताचं, पण माणूस कामाला पक्का. चार वर्षांपूर्वी त्यांचा एक सुपरवायझर सगळी ड्रॉइंग घेऊन भोसरीला निघून गेला होता आणि तिथं त्यानं तसाच माल काढला होता. तेव्हापासून अण्णासाहेब गेटवर स्वतः उभे राहायचे आणि कुणी मोबाइलवर जरा जास्त बोललं की कान टवकारायचे.

विजयश्रीनं मीटरवरचा आकडा दाखवला तेव्हा ते बराच वेळ तो पिवळा कॅपॅसिटर बोटात फिरवत राहिले. मग त्यांनी ऑफिसचं दार लोटून घेतलं.

"चांगला माल बाहेर चाललाय आन् रद्दी बोर्डावर बसतीया," ते म्हणाले. "ओव्हाळबाई, तुमी कुणाला काय बोलू नका. निस्तं बघा. त्या समाधानकडं बघा."

समाधानच का, असं तिनं विचारलं नाही. ट्रान्सफॉर्मर काढा म्हणणारा तोच होता, माणूस बाहेरचा होता, आणि कुणाशी फारसा बोलायचा नाही. शिवाय तिला स्वतःलाही तो आवडत नव्हता. तिनं पास केलेल्या मालातलं काहीतरी उचलून तो उगाच उजेडात धरून बघायचा, हे तिला लागायचं.

त्या दिवसापासून ती बघत राहिली, आणि बघायला लागल्यावर दिसायलाही लागलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन बाहेर कडुनिंबाखाली बसायचे तेव्हा समाधान आतच थांबायचा. एकदा ती पाण्याची बाटली विसरल्याचं निमित्त करून आत गेली. तो परत आलेल्या बोर्डावरचे पिवळे कॅपॅसिटर काढत होता. काढलेले त्यानं शर्टाच्या खिशात टाकले आणि समोरची वही मिटून घेतली.

"काय चाललंय?" तिनं विचारलं.

"काही नाही ताई, बघायलोय जरा," तो म्हणाला, आणि तिच्या टेबलाकडे, तिच्या मीटरकडे एक नजर टाकून बाहेर गेला.

तिनं त्याच संध्याकाळी अण्णासाहेबांना सांगितलं. खिसा, वही, मिटलेलं पान, सगळं. सांगताना तिला आपण आपलं काम करतोय असंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सुटायच्या वेळेला अण्णासाहेबांनी गेटवर समाधानची बॅग उघडायला लावली. सोल्डरिंगच्या बाया, पॅकिंगची माणसं, सगळी तिथंच होती. डब्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत तेरा पिवळे कॅपॅसिटर निघाले.

समाधान म्हणाला की घरी मोजायला नेत होतो.

"हितं मीटर न्हाई का?" अण्णासाहेबांनी विचारलं.

समाधाननं विजयश्रीकडे पाहिलं. तिला ती चोराची नजर वाटली. अण्णासाहेबांनी त्याला उद्यापासून यायचं नाही असं सांगितलं, तेव्हाही तो वाद घालत बसला नाही. रिकामी बॅग खांद्याला लावली आणि रस्त्याच्या कडेनं चालत गेला. पिशवी अण्णासाहेबांनी विजयश्रीच्या हातात दिली आणि कुलपात ठेवायला सांगितली.

बुधवारी सकाळी पिशवी कपाटात ठेवण्याआधी तिनं ती टेबलावर उपडी केली. प्रत्येक कॅपॅसिटरवर बारीक मार्करनं काहीतरी लिहिलेलं होतं. एक आकडा आणि एक तारीख. चोरून विकायच्या मालावर कोण कशाला तारखा घालेल, हे तिच्या मनात आलं आणि तिनं ते झटकलं. मग ती मोजायला बसली. ०.२९. ०.१७. ०.२४. ०.३३. ०.२१.

दहाव्या-बाराव्याला तिचा हात थांबला. कुणी मुद्दाम कमी किमतीचे कॅपॅसिटर बसवले असते, तर सगळे एकाच मापाचे निघाले असते. बाजारात ०.१७ आणि ०.२४ असं कुणी काही विकत नाही. हे आकडे बसवलेले नव्हते, मेनवर चालून चालून झिजलेले होते.

खात्री करायला तिनं परत आलेले, अजून न खोललेले बोर्ड काढले आणि पाठ भिंगाखाली धरली. शेडमधल्या बायांचं सोल्डर ती लांबून ओळखायची. एकदा काढून पुन्हा लावलेला जोड कधी लपत नाही, कडेला काळपट डाग राहतो. एकाही बोर्डावर तसा डाग नव्हता. शेडमध्ये बसवला तोच कॅपॅसिटर त्याच जागी होता. कुणी काही बदललंच नव्हतं.

तिनं कॅपॅसिटरच्या कुशीवरचा लॉटचा बारीक छाप वाचला, आणि मालाचं रजिस्टर उघडलं. ऑगस्टमध्ये आलेला लॉट. नवा सप्लायर. दहा नग तपासले, दहाही ठीक. खाली सही: वि. ओव्हाळ.

तिला ऑगस्टमधला तो दिवस आठवला. समाधान तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला होता. म्हणाला होता, ताई, हा नवा लॉट अंगानं फार बारीक वाटतो. मीटर हलक्या व्होल्टेजवर मोजतं, त्यात सगळंच बरोबर दिसणार. दहा-बारा नग काही दिवस मेनवर लावून ठेवू आणि मग मोजू. तिच्यामागे डिस्पॅचची घाई होती, टेबल रिकामं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं. माझ्या तपासणीवर तुमचा भरवसा नाही का, असं तिनं त्याला सगळ्यांदेखत विचारलं होतं. तो परत गेला होता.

त्या दिवशी ती अण्णासाहेबांकडे गेली नाही. पिशवी कपाटात ठेवली, कुलूप लावलं. गप्प बसलं तरी कुणाला काही कळणार नव्हतं. समाधान गेलाच होता. नवा लॉट मागवायला सांगितलं की झालं. घरी जाताना मोशीच्या सिग्नलला उभी असताना तिला वाटलं, उद्या कुणी रजिस्टर उघडलं तर? आणि मग वाटलं, नाहीच उघडलं तर?

गुरुवारी शेडला सुट्टी असते. सकाळी अकराच्या सुमाराला ती स्कूटी घेऊन निघोज्याला गेली. कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांची एक लांब रांग होती, तिथं विचारत विचारत समाधानची खोली सापडली. दार त्याच्या बायकोनं, वर्षालीनं उघडलं. विजयश्रीनं नाव सांगितल्यावर ती दारातून बाजूला झाली नाही. आधी तिनं रस्त्यावर मागे आणखी कुणी आलंय का ते पाहिलं.

"बॅग तर बघून झाली. आता खोली बघायची का?" वर्षालीनं विचारलं.

विजयश्री म्हणाली की ती एकटीच आली आहे आणि अण्णासाहेबांना ठाऊक नाही. तेव्हा नवऱ्याला काही न विचारताच वर्षालीनं दार पुरतं उघडलं.

खोलीत भिंतीला लागून एक फळी होती आणि फळीवर भाजीवाल्याची दोन प्लॅस्टिकची क्रेट उपडी घातलेली. क्रेटच्या जाळीतून लाल दिवे दिसत होते. विजयश्री वाकून बघायला लागली तसा आतून समाधान झटक्यानं पुढे आला.

"हात नका लावू ताई. सगळं मेनवर आहे."

क्रेटखाली बारा बोर्ड होते. सहांवर जुन्या सप्लायरचे कॅपॅसिटर, सहांवर ऑगस्टच्या लॉटचे. सप्टेंबरपासून, सोसायट्यांत चालतात त्याच पद्धतीनं, ते रात्रंदिवस चालू होते. दर पंधरा दिवसांनी तो वीज बंद करायचा, थांबायचा, कॅपॅसिटर काढून मोजायचा आणि परत लावायचा. त्यानं वही पुढे केली. जुन्या लॉटचे आकडे सात महिन्यांत जागचे हलले नव्हते. ऑगस्टच्या लॉटचे महिन्यामहिन्याला उतरत गेले होते. परत आलेल्या टायमरमधले कॅपॅसिटर तो ताडून बघायला घरी आणत होता, तेच बॅगेत सापडले होते.

पान उलटताना विजयश्रीला तिचं नाव दिसलं. 'तपासणी – वि. ओव्हाळ' आणि पुढे एक मोठं प्रश्नचिन्ह, दोनदा गिरवलेलं.

"हे काय आहे?"

 समाधान म्हणाला की त्या सप्लायरचा माणूस शेडमध्ये आला की नेहमी तिच्याच टेबलापाशी बसायचा. मेनवर लावून बघू म्हटलं तर ती चिडली होती. लॉट पास करणारी तीच. त्याला वाटलं, तिला सगळं माहीत असणार.

"तिथं पंखा आहे म्हणून बसायचा तो," विजयश्री म्हणाली. "सगळ्या शेडमध्ये धड पंखा तेवढाच आहे."

"असंल. मला कसं कळावं?" तो म्हणाला. "म्हणूनच तर हितं मोजायलो होतो. तुमच्या मीटरवर मोजून तुम्हालाच कसं दाखवू? आणि पक्का पुरावा हाती येईपर्यंत मालकांना तरी काय सांगू?"

गेटवरची ती नजर तिला आता कळली. तिला राग आला. अकरा वर्षांत तिच्यावर असं कुणी लिहिलं नव्हतं. पण बोलायला तोंड उघडलं आणि तिला आठवलं की तीन दिवसांपूर्वी तिनंही असंच केलं होतं, तेही वहीत नाही, मालकाच्या कानात. ती खाली चटईवर बसली आणि म्हणाली की अण्णासाहेबांना ही वही दाखवायला हवी.

वर्षालीनं वही तिच्या हातातून काढून घेतली. "वही मी घेऊन येते. तुमच्याकडं नाही देणार."

अण्णासाहेबांचं घर गावातच होतं. ते अंगणात ट्रॅक्टरच्या चाकाला हवा भरत होते. तिघांना एकत्र येताना पाहून त्यांनी पंप खाली ठेवला, आणि त्यांचा चेहरा बदलला. विजयश्रीनं सगळं सांगितलं. झिजलेले आकडे, न हललेलं सोल्डर, ऑगस्टचा लॉट, तिची सही. समाधान तेव्हा काय म्हणाला होता आणि तिनं त्याला काय उत्तर दिलं होतं, तेही सांगितलं. वर्षालीनं वही उघडून धरली. अण्णासाहेबांनी ती हातात घेतली नाही.

"सोमवारी तुमीच म्हनला त्यानं माल चोरला," ते म्हणाले. "आज म्हनताय न्हाई चोरला. मी कुनाचं खरं मानू? आकडं काय, कुनी बी लिव्हतंय."

यावर समाधान वळून निघालाच होता. विजयश्रीनं त्याला थांबवलं आणि अण्णासाहेबांना म्हणाली, "माझं मानू नका, वहीचंही मानू नका. परत आलेले एकोणीस टायमर शेडमध्ये आहेत. ऑगस्टपर्यंत आपण जुना लॉट वापरत होतो, आणि तो माल अजून बाजारात चालू आहे. परत आलेल्यांत एक जरी जुन्या लॉटचा निघाला तर मी उद्यापासून येणार नाही. तुम्ही स्वतः वाचा."

अण्णासाहेबांनी शेड उघडली. सुट्टीच्या दिवशी ती फार मोठी आणि तापलेली वाटत होती. त्यांनी विजयश्रीला आणि समाधानला टेबलापासून लांब उभं राहायला सांगितलं, चष्मा पुसला आणि एकेका टायमरचा डबा स्वतः उघडायला घेतला. त्यातले काही समाधाननं आधी मोकळे केले होते. त्यांचे कॅपॅसिटर गेटवर सापडलेल्या पिशवीत होते, आणि त्यानं घातलेल्या तारखांवरून कुठला कुठल्या टायमरचा ते वर्षाली वहीतून सांगत होती. अण्णासाहेब प्रत्येक कॅपॅसिटर खिडकीच्या उजेडात धरायचे, लॉटचा छाप मोठ्यानं वाचायचे आणि रजिस्टरशी लावायचे. तिच्या सहीवर त्यांचं बोट प्रत्येक वेळी येऊन थांबत होतं.

सोळा झाले, सोळाही ऑगस्टचे. सतराव्याचा छाप पुसलेला होता. अण्णासाहेबांनी तो इकडून पाहिला, तिकडून पाहिला. जुन्या लॉटचा एखादा कॅपॅसिटर नुसता योगायोगानं बिघडलेला असला तर सगळं तिथंच संपणार होतं. समाधान तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत अजूनही तेच होतं: ही आता काय करते. अण्णासाहेबांनी अंगठ्याला थुंकी लावून छाप चोळला, खिडकीपाशी नेला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, "ऑगस्ट."

उरलेले दोन्ही ऑगस्टचेच निघाले.

अण्णासाहेब स्टुलावर बसले. नवा सप्लायर त्यांनीच ठरवला होता, जुन्याचा माल उशिरा यायचा म्हणून. डबा लहान करायच्या नादात कॅपॅसिटरही लहान द्या असं त्यांनीच फोनवर सांगितलं होतं, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा कबूल केलं. सप्लायरनं सांगितलं तसाच लहान माल दिला असेल का मुद्दाम हलका दिला असेल, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते कधी कळलंही नाही. सप्लायरनं नंतर फोन उचलायचं बंद केलं.

"समाधान, चुकलं माजं," ते म्हणाले. "उद्या कामावर ये."

"बॅग गेटवर उघडली होती, सगळ्यांसमोर," समाधान म्हणाला. "हे इथं चौघांत म्हणून काय उपयोग?"

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत अण्णासाहेब कडुनिंबाखाली गेले आणि सगळ्यांचं जेवण थांबवून म्हणाले की समाधाननं काही चोरलं नव्हतं, चूक त्यांची होती. दोनच वाक्यं बोलून ते आत गेले. विजयश्री उभी राहिली आणि तिनं सांगितलं की मालकांना सांगणारी ती होती. बायांनी मान खाली घालून भाकरी मोडली.

समाधान तीन महिने राहिला. ऑगस्टच्या लॉटचे टायमर सोसायट्यांतून परत मागवले, कॅपॅसिटर बदलले. विजयश्रीच्या टेबलाशेजारी जाळीचं एक कपाट आलं. त्यात प्रत्येक नव्या लॉटचे बारा नग मेनवर चालत राहायचे, आणि आठवड्याला ती आणि समाधान आळीपाळीनं मोजायचे. दोघंही दुसऱ्याचा आकडा पुन्हा एकदा मोजून बघायचे, आणि ते एकमेकांना दिसायचंही. मग त्याला चाकणच्या एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली.

जायच्या आदल्या दिवशी तिनं त्याला विचारलं की अजून तिच्यावर संशय आहे का.

तो मीटरच्या वायरी गुंडाळत होता. "आता नाही ताई. पण तुम्ही खोलीवर आलात तेव्हा होता. मला वाटलं, वही गायब करायला आल्यात."

"मग मला आत कसं घेतलं?"

"मी कुठं घेतलं? वर्षालीनं घेतलं. ती म्हणाली, बाई मालकाला न सांगता एकटी आलीय."

दसऱ्यापर्यंत टकटक करणारे टायमर यायचे बंद झाले. नंतर एकदा तळेगावच्या सोसायटीतून एक खोकं आलं. डबा उघडला तर आत मुंग्यांनी घर केलेलं होतं आणि रिलेची पट्टी त्यांनीच अडकवली होती. बिघाड समोर दिसत होता. विजयश्रीनं मुंग्या झटकल्या, तरीही पिवळा कॅपॅसिटर काढून मोजला. ०.४६ होता. तिनं तो आकडा लिहिला, शेजारच्या टेबलावरच्या पोरीला कॅपॅसिटर पुन्हा मोजायला दिला आणि मगच पुढचं खोकं ओढलं.